एकोणीस की एकोणीस हजार

एकदा एक वृद्ध आचार्य आपल्या शिष्येला घेऊन अशा मुलखात गेले, जिथे तीन वर्षांपूर्वी अणुवीज केंद्राची भट्टी फुटली होती. फुटली म्हणजे डोंगर कोसळल्यासारखं काही झालं नव्हतं. पहाटे एक दणका ऐकू आला, छपरातून वाफ निघाली आणि वाऱ्याबरोबर गेली. लोकांनी पाहिलं ते एवढंच. त्या वाफेबरोबर जे गेलं ते दिसत नव्हतं, त्याला वास नव्हता की चव नव्हती. ते पालेभाजीवर बसलं, विहिरीत उतरलं, गाईच्या दुधात आलं. लोकांनी भाजी चिरली, दूध तापवलं, लेकरांना पाजलं.

मग वाद सुरू झाला आणि तो भट्टीपेक्षा जास्त दिवस धगधगत राहिला. किती माणसं मेली? केंद्राचे अधिकारी म्हणत, एकोणीस. केंद्राविरुद्ध मोर्चे काढणारे म्हणत, एकोणीस हजार. कागद दोघांकडे होते, नकाशे दोघांकडे होते, शपथेवर सांगणारे विद्वानही दोघांकडे होते. शेवटी राज्याने ठरवलं, की ज्यांचा शब्द दोन्हीकडचे मानतात त्या आचार्यांनी स्वतः जावं, पाहावं आणि खरा आकडा लिहून द्यावा. आचार्यांनी आयुष्यभर वैद्यक शिकवलं होतं. त्यांचं वय झालं होतं, पण नजर शाबूत होती.

शिष्या हुशार होती. निघण्याआधी महिनाभर बसून तिने गणित मांडलं होतं. वारा कुठला, अंतर किती, वस्ती किती, सगळं धरून उत्तर आलं होतं एक हजार चारशे. दोन आकड्यांच्या मध्ये बसणारं. मधलं आहे म्हणजे खरं असणार, असं तिला वाटलं.

"गुरुजी, आकडा तयारच आहे म्हणा ना," ती गाडीत म्हणाली. "गावात नुसता पडताळा घ्यायचा."

"बरं, पडताळा घेऊ," आचार्य म्हणाले, आणि खिडकीबाहेर पाहत राहिले.

राज्याने त्यांना एक जाडजूड नोंदवही दिली होती. घरागणिक एक ओळ. शेवटच्या पानावर 'एकूण मृत्यू' असा चौकोन, त्याखाली आचार्य आणि शिष्या यांच्या सह्यांची जागा. नियम असा होता, की चौकोनात आकडा भरून दोघांपैकी एकाची जरी सही झाली तरी वही बंद. त्या आकड्यात ज्यांची माणसं आली, त्यांच्या मुलांना शहरातल्या मोठ्या इस्पितळात दरवर्षी तपासणी. ज्यांची आली नाहीत, त्यांचं दुखणं त्यांचं. मात्र आकडा भरला जात नाही तोवर मोजणी चालू धरायची, दरवर्षी घरोघर जायचं आणि वहीत नोंदलेल्या प्रत्येक घरातल्या मुलांची तपासणी करायची. तपासणी लांबत जाऊ नये म्हणून वरिष्ठांना आकडा लवकर हवा होता.

पहिलं घर खाडीकाठच्या वाडीतलं होतं. दारात कुंदा नावाची तरुण बाई तांदूळ निवडत बसली होती. तिची सात वर्षांची पारू पायरीवर बसून तिच्या पाठीला टेकली होती. हातातली वही बघून कुंदा उठली नाही.

"एकोणीसवाले की हजारवाले?" तिने विचारलं.

शिष्या गोंधळली. आचार्य मात्र खाली अंगणातच बसले. "अजून कुठलेच नाही, ताई. विचारायला आलोय."

"मग बसा. चहा करते. पाणी बाहेरच्या टाकीतलं आहे, विहिरीचं नाही."

चहा झाला, मग ती बोलली. तिचा नवरा धोंडू रोजंदारीवर होता. भट्टी फुटल्यावर केंद्राच्या भिंती धुवायला माणसं पाहिजे होती. बावीस दिवस त्याने पाण्याचा पाइप धरला आणि झाडूने भिंती घासल्या. पुढे चौदा महिन्यांनी गेला. रक्तच बनत नव्हतं. मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलं, अशक्तपणा.

"त्यांच्या बिल्ल्यावर किती आलं होतं?" शिष्येने विचारलं. भट्टीजवळ काम करणाऱ्याच्या छातीवर एक बिल्ला लावतात, अंगाला किती किरणं लागली ते त्यावर उमटतं, हे तिला माहीत होतं. तिच्या गणितातला कामगारांचा हिशेब त्या बिल्ल्यांवरच उभा होता.

कुंदा हसली. "बिल्ला होता की. तीस माणसांत एक. तो मुकादमाच्या खिशात असायचा, आणि मुकादम फाटकाबाहेर टेम्पोत बसायचा. त्याला किती लागलं ते आलं असेल तुमच्या कागदात."

शिष्येची लेखणी थांबली. ते एकोणीस जण कोण, हे तिला आत्ता कळलं. ज्यांच्या छातीवर स्वतःचा बिल्ला होता, ते पगारी लोक. बाकीचे मेले ते नुसते अशक्तपणाने मेले.

"ते घरी यायचे तेव्हा ही धावत जाऊन पायाला मिठी मारायची," कुंदा पारूकडे न बघता म्हणाली. "आणि त्यांचे कामाचे कपडे अन् हिचे फ्रॉक मी एकाच टपात धुतले. बावीस दिवस. मला कोणी सांगितलं नाही. आता बघा हिचा गळा."

पारूने सवयीने मान वर केली. आचार्यांनी हळूच गळा चाचपला. "गाठ आहे. कसली ते हाताला कळत नाही, ताई. साधीही असेल. पण तपासायला हवी, आणि दरवर्षी बघायला हवी."

"तालुक्याचे डॉक्टर म्हणतात, भीती मनातून काढा. आईच्या भीतीने लेकरू आजारी पडतं म्हणे." तिचा आवाज चढला नाही, पण तांदळातला खडा तिने असा फेकला की तो कुंपणापार गेला. "तीन वर्षं मी हिला ताटात वाढायच्या आधी दहादा विचार करते. मासा देऊ की नको, देऊ की नको. शेवटी नुसता भात देते. आणि हे म्हणतात, बाई, तुमच्या मनातच आहे. माझ्या मनात कोणी घातलं ते?"

आचार्यांनी वही उघडली. शिष्येला वाटलं, आता ते धोंडूचं नाव आकड्यात धरतील. पण त्यांनी विचारलं, "आमच्या आधी इथे कोण कोण विचारायला आलं होतं?"

"विचारायला? एक शहरातले भाऊ आले होते, भाषणवाले. फोटो काढला. म्हणाले, ताई, पदर जरा डोळ्याला लावा. धोंडूचं नावसुद्धा विचारलं नाही. मग एक जण किरणं मोजायचं यंत्र घेऊन आला, उंबऱ्याशी धरलं, काहीतरी लिहिलं. मी म्हटलं, किती आलं? तर म्हणाला, घाबरू नका. गेला."

आचार्यांनी धोंडूचं आणि पारूचं नाव लिहिलं, आणि पुढे एकच वाक्य: 'आजवर कोणी विचारले नाही.'

आठ दिवस हेच चाललं. एका घरातली म्हातारी केंद्राजवळची वस्ती हलवताना ट्रकमध्येच गेली. ती एकोणीसमध्ये नव्हती, कारण ती किरणांनी नाही, प्रवासाने मेली. एकाच्या सात गाई मारून पुरल्या, त्याने अन्न सोडलं. तोही नव्हता, कारण तो दुःखाने मेला. खाडीत तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढणाऱ्या बाया म्हणाल्या, पहिले तीन महिने खाऊ नका म्हणाले, मग खा म्हणाले, मध्ये काय बदललं ते सांगितलं नाही. अख्ख्या खाडीची परीक्षा म्हणून धक्क्यावरून एक बाटली पाणी नेलं होतं. चिखल कोणी नेला नाही, आणि तिसऱ्या तर चिखलातच असतात. केंद्रामागचं सुरूचं बन पहिल्याच वर्षी तांबडं होऊन वाळलं. ते तोडून पुरलं, वरची माती खरवडून पोत्यांत भरली, आणि पोती डोंगरासारखी रचून ठेवली. ती कुठे नेणार, कोणालाच ठाऊक नव्हतं.

प्रत्येक घरी आचार्य तोच प्रश्न विचारत आणि तेच वाक्य लिहीत. शिष्येला राहवेना.

"गुरुजी, दोनशे घरं झाली. आकडा कधी मोजायचा? तुम्ही असं केलंत तर उद्या ते एकोणीसच लिहून मोकळे होतील. मग पारूचं काय?"

"तुझा एक हजार चारशे तयार आहे ना?" आचार्य म्हणाले. "त्यात पारूचा बाप कुठे बसतो, तेवढं मला दाखव."

तिला दाखवता येईना. एक हजार चारशे माणसं होती, पण त्यांत एकाचंही नाव नव्हतं.

नवव्या दिवशी तालुक्याच्या सभागृहात सगळे जमले. केंद्राचे मुख्य अधिकारी पुढे बसले होते, मोर्चाचे पुढारी त्यांच्या शेजारी. मागे वाडीवाडीची माणसं, त्यांत पारूला मांडीवर घेतलेली कुंदा. त्या चौकोनात काय लिहिलं जातं यावर तिचं सगळं अवलंबून होतं, आणि हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

अधिकाऱ्यांनी वही मागवून शेवटचं पान उघडलं. चौकोन कोरा होता.

"आचार्य, आकडा राहिला," ते गोड आवाजात म्हणाले. "लोक उगाच घाबरून आहेत. आमचं तर म्हणणं आहे, किरणांपेक्षा भीतीनेच जास्त माणसं गेली. आणि निसर्गाचं म्हणाल तर बंद केलेल्या भागात आज जंगल वाढलंय, हरणं आलीत."

"माणसं हाकलल्यावर येणारच हरणं," मागून कोणीतरी म्हणालं. "आमच्या घरातसुद्धा राहतात. जाऊन बघा एकदा."

पुढारी उठले. "हजारो मेलेत, आचार्य. निर्भयपणे लिहा. आमचा तुम्हाला पाठिंबा आहे."

आचार्य उभे राहिले.

"मी चौकोन कोरा ठेवला आहे, आणि तो माझ्या हयातीत कोराच राहील. मला दोनशे घरांत एकच सत्य सापडलं, ते मी दोनशे वेळा लिहिलं आहे. इथे कोणी विचारायलाच आलं नाही. तीस माणसांना एक बिल्ला दिलात, तो फाटकाबाहेर ठेवलात, आणि म्हणता बिल्ल्यावर काही उमटलं नाही. न शोधता 'सापडलं नाही' म्हणायला तुमची जीभ कशी धजते? माणसं भीतीने मेली म्हणता. मेली असतील. मग ती भीती कुणाच्या भट्टीतून आली? तीही मोजा. ट्रकमधली म्हातारी मोजा, गाईंसाठी उपाशी मेलेला मोजा." मग ते पुढाऱ्यांकडे वळले. "आणि तुम्ही. तुम्ही मेलेल्यांची संख्या वाढवलीत, पण एकाचं नाव विचारलं नाहीत. या बाईला पदर डोळ्याला लावायला सांगितलंत. किती मेले हे आज मला ठाऊक नाही. कदाचित थोडे असतील, कदाचित फार. पण ते ठाऊक नसणं ही तुमची सबब होऊ शकत नाही. तोच तुमच्यावरचा आरोप आहे."

अधिकाऱ्यांनी वही शिष्येपुढे सरकवली.

"गुरुजी थकलेत. तुमचं गणित तयार असल्याचं ऐकलंय. एक हजार चारशे ना? दोघांच्या मधलं आहे, आम्हालाही चालेल, यांनाही चालेल. तुम्ही लिहा. नियमाप्रमाणे तुमची एकटीची सहीही चालते."

पुढाऱ्यांनीही मान डोलावली. तीन वर्षांत त्या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

शिष्येने लेखणी उचलली. मागे कुंदा उभी राहिलेली तिला दिसली. एक हजार चारशे लिहिलं की वही बंद होणार, वाद मिटणार, दोन्हीकडचे शहाणे घरी जाणार. आणि पारूची गाठ त्या चौकोनाबाहेर तशीच वाढत राहील, साधी असो वा नसो, पुन्हा कोणी बघायला येणार नाही. आठ दिवस जे डोक्यात शिरत नव्हतं ते तिला त्या क्षणी उमगलं. आचार्यांनी मोजायचं टाळलं नव्हतं. मोजणी संपू दिली नव्हती.

"माझं गणित चुकलं होतं," ती म्हणाली. "मी ते घरी बसून केलं होतं. नियमाप्रमाणे आकडा नाही, म्हणजे मोजणी चालू. वहीत दोनशे अकरा घरं आहेत. त्या घरांतल्या मुलांची तपासणी सोमवारपासून सुरू करावी लागेल. इस्पितळाला पत्र मी आत्ताच लिहिते."

अधिकाऱ्यांचा चेहरा उतरला. पुढारी कोणालातरी फोन लावत बाहेर गेले.

पायऱ्यांवर कुंदाने शिष्येला गाठलं. "मग किती आकडा आला, ताई?"

"आला नाही. सोमवारी पारूला घेऊन या."

पारूची वेणी सुटली होती, ती कुंदाने उभ्या उभ्याच घातली, घट्ट. मग म्हणाली, "खाडीपलीकडे अजून दोन वाड्या आहेत. तिथले कितीतरी पुरुष धोंडूबरोबर भिंती धुवायला जायचे. तिकडे गेला होता का कोणी विचारायला?"

"नाही," शिष्या म्हणाली. "होडी कुठून सुटते?"

कोणी आपल्याला मेलेल्यांचा आकडा सांगितला, लहान असो की मोठा, तर त्याला एवढंच विचारावं, की तुम्ही कोणकोणत्या घरी जाऊन आलात.