सुंद्रीचे केस

एकदा काय झालं, एका राजानं गावची विहीर आपल्या बागेसाठी घेतली. बायका म्हणाल्या, "आम्ही प्यायचं काय?" राजा चिडला. बोलणाऱ्या बायकांना त्यानं चावडीपुढे बसवलं आणि सगळ्या गावादेखत त्यांचे केस कापले.

त्यात एक होती सुंद्री. चित्रं दाखवून देवादिकांच्या कथा सांगायची. ती घरी आली, पदर नाकापर्यंत ओढला आणि दार लावून बसली. पाण्यात आपलं डोकं दिसेल म्हणून घागरीवर वाकेनासुद्धा, बरं का!

पण पोट भरायला हवं. मग तिनं सीता काढली. रंग वाळला आणि सीतेचे केस गळून पडले! मग पार्वती काढली. तिचेही गळले. मग एक राणी काढली, तर तिच्याही डोक्यावर एकही केस नाही!

सुंद्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती कागद उतरंडीमागे लपवू लागली, तर सासूनं हात धरला.

"सुंद्रे, दुसऱ्यांच्या गोष्टी पुरे. आता तुझी काढ."

"लाज वाटते हो, आत्याबाई."

"वाटू दे. तरी सांग."

मग सुंद्रीनं स्वतःला काढलं, पायाशी कापलेले केस काढले आणि बाजारात जाऊन बसली. डोक्यावरचा पदर खाली घेतला. कान तापले.

"मी सुंद्री," ती कशीबशी म्हणाली. "विहीर मागितली, म्हणून माझे केस कापले."

गर्दीतल्या एका म्हातारीनं पदर खाली घेतला. तिचंही डोकं तसंच. मग आणखी एकीनं घेतला.

तेवढ्यात राजा आला. "पूस ते!" सुंद्री हलेना. मग राजानंच चित्रावर हात फिरवला. आणि काय सांगू! चित्रातले कापलेले केस त्याच्या तळहाताला चिकटले. त्यानं हात धुतला, घासला, वस्तऱ्यानं खरवडला. केस दुप्पट वाढले.

महालात त्याच्या राणीनं विचारलं, "अहो, हे कुणाचे केस?" राजाची मान खाली गेली. शेल्यात हात लपवून तो सुंद्रीच्या दारी आला.

"तुझे केस घे बाई परत."

"माझे मला येतील. हे कुठून आले, ते लोकांना सांगा."

मग राजा चावडीपुढे उभा राहिला. अडखळला, रडकुंडीला आला, पण सगळं सांगितलं. सांगता सांगता हात मोकळा झाला. विहीरही मोकळी झाली.

सुंद्रीचे केस हळूहळू वाढले. पाणी भरताना हात मात्र कितीतरी दिवस पदराकडे जायचा. सासू म्हणायची, "राहू दे गं." मग ती राहू द्यायची.

आणि सगळ्या सुखानं नांदल्या. चला, पांघरूण ओढा बघू, मिटा डोळे.