विमानात फुकट काय?

लग्नाला आठ दिवस होत नाहीत तोच निनादची बदली थेट आसामात, दिब्रुगडला झाली. तो तिकडे जाणार आणि मी पुण्यात सासूबाईंजवळ राहणार! त्याच्या स्वस्त विमान कंपनीचे मालक सरनोबत साहेब यांनी तो निघण्याआधी आम्हाला जेवायला बोलावलं आणि आमटीपासून ताकापर्यंत स्वतःचंच कौतुक वाढलं.

"समोरच्या कंपनीनं तिकीट उतरवलं की मी त्याहून खाली उतरवतो! पण पाणी, खिडकी, पिशवी, सगळ्याचे पैसे वेगळे. सूनबाई, माझ्या विमानात फुकट मिळणारी एक गोष्ट सांगा, निनादची बदली रद्द!"

"नमस्कार?" निनाद घाईघाईनं म्हणाला.

"तो तिकिटात धरलाय."

मी आतापर्यंत खाली मान घालून जेवत होते. हळूच म्हटलं, "उशीर, साहेब. तो तुम्ही कुणाला मागावाही लागू देत नाही. लहानथोर सगळ्यांना सारखा, आणि आग्रह करकरून वाढता."

सरनोबतबाईंना ताक पिता पिता ठसका लागला. साहेबांनी आधी डोळे वटारले, मग तेही पोट धरून हसले आणि जागच्या जागी फोन करून बदली रद्द केली.

दुसऱ्या दिवशी गोष्ट विमानतळभर झाली. संध्याकाळी समोरच्या कंपनीतून नोकरीसाठी बोलावणं आलं. निनादला नाही, मला!