त्रिंबकशेटांच्या घराची भेग

त्रिंबकशेटांच्या तिमजली घराला भेग पडली आणि ती कुणी दुरुस्त करायची, यावरून तंटा थेट राजासमोर गेला.

भेग काही साधीसुधी नव्हती. जोत्याखालून निघून ती तिन्ही मजले चढून गेली होती. दोन वर्षांपूर्वी तिच्यात कंगवा मावत असे, आता लाटणं मावत होतं! घरात कोष्ट्यांची बारा बिऱ्हाडं भाड्याने राहत. शेटजी स्वतः मात्र पलीकडच्या गल्लीत, दगडी वाड्यात. केरोबा कोष्ट्याच्या थोरल्या लेकीने, येसूने, तान्ह्या भावाची झोळी भिंतीपासून लांब, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला बांधली होती. तरी सकाळी झोळीत चिमूटभर माती सापडायचीच.

राजा न्यायी होता, पण हट्टी. कागदावर लिहिलेलं ते खरं, बाकी सगळ्या गप्पा, असा त्याचा खाक्या.

त्रिंबकशेट कागद घेऊनच आले होते. "महाराज, ही भाड्याची कबुलायत. 'बिऱ्हाड आल्यावर घरात जे जे नवीन होईल, ते बिऱ्हाडकरूचं.' खाली बाराही जणांचे अंगठे. हे राहायला आले तेव्हा भेग नव्हती. नंतर झाली. म्हणजे यांची!"

"असलं कलम घातलंत कशाला?" प्रधानाने विचारलं.

"पोरं, वासरं, मांजरीची पिल्लं... उद्या कुणी माझ्या गळ्यात घालू नये म्हणून!"

केरोबा हात जोडून पुढे आला. "महाराज, घराच्या पायात मुरूम घालायचा, तिथं शेटजींनी काळी माती भरली. पाऊस पडला की फुगते, ऊन पडलं की आक्रसते. घर खचणार नाही तर काय होणार?"

"काळी माती कबुलायतीत आहे?" राजाने विचारलं.

"नाही, महाराज."

"मग भेग तुमची. आठ दिवसांत तिथून घेऊन जा."

"पण माझ्या विटेला हात लावायचा नाही!" शेटजी घाईघाईने म्हणाले. "विटा माझ्या आहेत!"

"रास्त आहे," राजा म्हणाला. "विटेला हात न लावता न्यायची. नाही नेलीत, तर विणायचे माग शेटजींच्या हवाली करून घर सोडायचं."

माग गेला की कोष्ट्याचे हातच गेले! केरोबा मटकन खाली बसला. येसू मात्र पुढे झाली.

"महाराज, एकदा नीट समजून घेते. भेग आमची?"

"तुमची."

"आणि भिंत?"

"शेटजींची."

"भेगेच्या दोन्हीकडची?"

"दोन्हीकडची!" शेटजी गरजले.

"मग ठीक आहे," येसू म्हणाली आणि बापाला उठवून घरी घेऊन गेली.

घरी बाराही बिऱ्हाडं तिच्यावर तुटून पडली. "काय ठीक आहे गं? कशात काय ठीक आहे?"

"बाबा, दोन बैलगाड्या सांगून ठेवा," येसू म्हणाली.

केरोबाचे डोळे भरून आले. "माग न्यायला?"

"भेग न्यायला. तीन मजल्यांची आहे. एका गाडीत नाही मावायची."

आठव्या दिवशी राजा लवाजम्यासह घरासमोर हजर झाला. बघतो तर दोन गाड्या उभ्या, दोरखंड तयार, आणि गाड्यांत गवताचा जाड थर.

"गवत कशाला?" राजाने विचारलं.

"वाटेत खड्डे आहेत, महाराज. भेग आणखी वाढायला नको," येसू म्हणाली.

राजाने मान डोलावली. त्याला ते पटलं. "मग उचला!"

"उचलतोच. पण शेटजींच्या भिंतीने तिला दोन्हीकडून अडवलंय. महाराज, एक विचारू? जोडलेला माग मोडणं आम्ही कोष्टी अशुभ मानतो. बिऱ्हाड हलवताना तो अख्खाच बाहेर काढतो. दारातून निघाला नाही, तर आपल्या गावात रीत काय आहे?"

"एवढंही ठाऊक नाही? भाडेकरूची वस्तू अडली की घरमालक आपली चौकट काढून वाट करून देतो."

"आणि मग?"

"मग परत बसवतो. पक्की. स्वतःच्या खर्चाने!"

"हे कुठं लिहिलंय का, महाराज?"

राजाची छाती फुगली. "लिहिलंय म्हणजे? माझ्या आजोबांचा ताम्रपट आहे!"

शेटजींचा चेहरा पांढराफटक पडला.

"मग आमची वस्तू अडली आहे," येसू म्हणाली. "शेटजींनी भिंत काढून द्यावी. आम्ही भेग घेतो. मग त्यांनी भिंत परत बसवावी, पक्की. भेग जोत्याखालून निघते, तेव्हा काढावं लागेल पायापासून."

"महाराज!" शेटजी ओरडले. "भिंत काढल्यावर भेग राहील कुठे? ही पोरगी गाडीत घालणार काय?"

"शेटजी, वस्तू आमची, काळजी आम्हाला," येसू शांतपणे म्हणाली. "नवी भिंत उभी राहिली आणि तिच्यात भेग दिसली नाही, की आम्ही ती नेली असं समजा!"

राजाने भिंतीकडे पाहिलं. शेटजींकडे पाहिलं. गवत घातलेल्या गाड्यांकडे पाहिलं. मग तो असा खदखदून हसला की मुकुट सावरायला प्रधानाला धावावं लागलं!

"शेटजी, उद्यापासून पाया खणायला घ्या! काळी माती उपसा आणि मुरूम भरा. आणि घर उभं राहीपर्यंत ही बाराही बिऱ्हाडं तुमच्या दगडी वाड्यात राहतील, मागांसकट!" मग हातातलं सोन्याचं कडं काढून त्याने येसूपुढे धरलं. "हे तुझं. आणखी काय हवं, बोल!"

"महाराज, आत्ता बोललात ते सगळं कागदावर द्या," येसू म्हणाली.

राजा पुन्हा हसत सुटला. हसता हसताच त्याने दौत मागवली आणि तिथेच, बैलगाडीच्या कठड्यावर कागद टेकवून, आपल्या हाताने हुकूम लिहून दिला.