मगदुमांच्या अंगणातलं पाणी

"माताजी, माझ्याच दारातनं परत का फिरलात?"

भूपाल मगदूम बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, शिरता शिरता विचारून मोकळा झाला. भल्या माणसानं आधी वंदन करावं, मग तोंड उघडावं. पण भूपालला धीर कुठला! नवा बंगला बांधल्यापासनं त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. आणि त्याच बंगल्याच्या फाटकाशी येऊन सकाळी माताजींनी पाऊल मागं घेतलं होतं. भरल्या गल्लीत!

माताजी म्हणजे आमच्या गावात चातुर्मासाला राहिलेल्या आर्यिका, जैन साध्वी. अंगावर पांढरं लुगडं, हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू, एवढाच संसार. दिवसातनं एकदा आहार, तोही ओंजळीत. ज्याच्या दारात थांबतील तो भाग्याचा, असं आमच्यात मानतात.

"फाटकाच्या आत पाणी साचलंय," माताजी म्हणाल्या. "वर शेवाळ धरलंय. त्यात जीव आहेत. पाय कुठं ठेवू?"

"अहो, पाट टाकले असते की! नुसतं बोलायचं होतं."

"आणि पाटाखाली कोण सापडलं असतं?"

"बरं, उपसून काढतो. आजच गडी लावतो."

"काढून टाकशील कुठं?"

"रस्त्यावर."

"रस्त्यावर कोण चालतं?"

मला हसू आवरलं नाही. भूपालनं माझ्याकडं असं बघितलं की मी खांबाआड सरकलो.

खोटं कशाला बोलू, बंगला झकास होता. मुरूम टाकून जागा वर उचललेली, सगळं अंगण फरशीनं मढवलेलं, चहूबाजूंनी सिमेंटची भिंत. बाहेरचा थेंब आत यायचा नाही, असं गावभर सांगत फिरायचा. आतला थेंब बाहेर कसा जाणार, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यानं कुणाचं ऐकलं असतं म्हणा! झालं, पाऊस पडला. गच्चीचं पाणी नळीनं अंगणात उतरलं आणि तिथंच मुक्कामाला राहिलं. परतीच्या पावसानं तर कहर केला, ओल पायऱ्या चढून आतल्या भिंतीला भिडली.

"माताजी, माझं जाऊ द्या." भूपालचा आवाज एकदम खाली आला. "माझ्या आईनं, आव्वानं, नेम धरलाय. नव्या घरात तिच्या हातनं तुमच्या ओंजळीत घास पडल्याशिवाय ती गोड खाणार नाही. पाय गेलेत तिचे. दुसऱ्याच्या घरी जाऊन आहार द्यावा, तर तेही जमत नाही. दिवाळी झाली की तुम्ही पुढच्या गावाला जाणार. मग पुन्हा..."

मोठा कडक माणूस, पण टॉवेल डोळ्याला लावला. मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

माताजी डोळे मिटून बसल्या होत्या.

"जमिनीला उतार कुणीकडं आहे?"

"खाली. बाळगोंडाच्या परड्याकडं."

बाळगोंडा म्हणजे त्याचा सख्खा धाकटा भाऊ. वाटणी झाल्यापासनं दोघांत बोलणं नाही.

"मग पाणी तिकडं का जात नाही?"

"मधी भिंत आहे."

"कुणी बांधली?"

"...मीच."

भूपाल टॉवेलाची घडी घालत बसला.

"भोक पाडायचं म्हणजे त्याला विचारायला पाहिजे," भूपाल म्हणाला. "त्याच्या जागेतनं चर काढायचा. आणि माताजी, वाटणीत घरचा आड त्याला गेला, तेव्हा मी चारचौघांत बोलून बसलोय. मेलो तरी तुझ्या दारात पाणी मागायला यायचा नाही! आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

"त्या आडाला पाणी असतं?"

"कुठलं! होळी झाली की तळ दिसतो. त्याची बायको घागरी घेऊन नळाला उभी असती."

"खण, पाड, बांध, असलं काही मी सांगणार नाही," माताजी म्हणाल्या. "आम्हाला तसं सांगता येत नाही. पण तुझा शब्द मोडतोय कुठं? तू काय पाणी मागायला चाललायस? द्यायला चाललायस."

भूपाल उठला. वंदन करायचं जातानाही विसरला.

मी मागोमाग गेलो. जायलाच पाहिजे होतं, असली गोष्ट काय रोज बघायला मिळते?

बाळगोंडा दारातच होता. थोरल्याला बघून चपापला.

भूपालनं घसा खाकरला, भिंतीकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं. शेवटी म्हणाला, "बाळ्या, माझ्या गच्चीचं पाणी तुझ्या आडाला देऊ का?"

"आण्णा," बाळगोंडा म्हणाला, "आव्वा कशी आहे?"

भूपालनं नुसती मान हलवली.

"थेट आडात नको सोडायला," बाळगोंडा घाईघाईनं म्हणाला. "आडाशेजारी खड्डा घेऊ, गोटे-वाळू भरू. गाळ बसंल आणि पाणी निवांत मुरंल." आणि आत जाऊन पहार घेऊन आला.

दोघांनी मिळून चर काढला, खड्डा भरला. मग भिंतीच्या पायाशी घाव पडला. पाणी निघालं ते खळाळत, वाट माहीत असल्यासारखं.

पुढं चांगलं ऊन पडलं. अंगण खडखडीत वाळलं.

माताजी परत त्या गल्लीत आल्या तेव्हा दोघं भाऊ फाटकात हात जोडून उभे होते. मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, अन्नपाणी शुद्ध, असं दारात म्हणायचं असतं. 'वचन' म्हणताना भूपाल अडखळला. बाळगोंडानं हळूच तो शब्द पुरा केला.

माताजी आत आल्या. म्हातारीला खुर्चीत बसवलं होतं. बाळगोंडानं तिच्या कोपराला आधार दिला. पहिला घास ओंजळीत पडला.

नंतर सुनेनं म्हातारीच्या तोंडात गुळाचा खडा घातला. मी रडलो, त्यात लाजायचं काय!

माताजी निघाल्या. पण भूपाल कसला गप्प बसतोय?

"माताजी, ते भिंतीचं भोक लई ओबडधोबड दिसतंय. पाइप बसवून घेतो. चार इंची पुरेल, का सहा इंची घालू?"

माताजींनी पिंछी उचलली.

"पाइपातलं मला कळत नाही. बाळगोंडानं तिकडनं हाक मारली, तर तुला ऐकू आली पाहिजे."