मोगऱ्याची पाहुणी

झाडांना एकमेकांची तोंडभर स्तुती करता येत होती, त्या काळची गोष्ट. सगुणाबाईंच्या परसात बुलबुलाने टाकलेल्या बीतून घाणेरी उगवली. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि थेट मोगऱ्याला गाठलं.

"मोगरेराव, तुमच्यासारखा सुगंध कुठल्या रानात नाही हो! पायाशी वीतभर जागा द्याल?"

मोगऱ्याला कोण आनंद झाला! कुंपणाला टांगलेलं खुरपं म्हणालं, "अहो, हिचं पान चुरून वास तरी घ्या. घाणेरी आहे ती! सगळा वाफा गिळून बसेल."

"पाहुणे ओळखायची अक्कल आहे मला," मोगरा फणकारला.

पावसाळा सरेपर्यंत घाणेरी त्याच्या डोक्यावर गेली. ऊन तिचं, पाणी तिचं. मोगऱ्याला कळी म्हणून धरेना. तेव्हा कुठे त्याने खुरप्याला हाक मारली. खुरप्याने सगुणाबाईंना हाताशी धरलं आणि घाणेरी मुळासकट उपटून काढली.

उन्हाळ्यात मोगरा भरभरून फुलला. एका सकाळी त्याच्या पायाशी दोन खरखरीत पानं वर आली आणि बारीक आवाज आला, "मोगरेराव, तुमच्यासारखा सुगंध..."

"उपटू ना?" खुरप्याने विचारलं.

"उपट की," मोगरा हळूच म्हणाला, "पण आधी तिचं बोलणं पुरं होऊ दे."