माहेरचे निळे मासे

ही गोष्ट फार जुनी आहे. डोंगर आणि समुद्र शेजारी असूनही त्यांची बोलाचाल नव्हती, तेव्हाची.

डोंगरावर एक राजा राहत असे. त्याची राणी होती बेटावरची. लग्न होऊन ती गडावर आली खरी, पण जेवताना, बोलताना तिचे डोळे सारखे खाली, दूरवर चमकणाऱ्या पाण्याकडे जात. मग राजाने अंगणात एक छोटा दगडी हौद बांधवला, समुद्राच्या पाण्याने भरवला आणि त्यात तिच्या बेटावरचे निळे मासे आणून सोडले. राणी हसली. राजाला लढाई जिंकल्याचा आनंद झाला.

आता त्या डोंगरी लोकांचा आग्रह काय सांगावा! पाहुण्याचं ताट रिकामं दिसलं, की यजमानाला चैन पडत नसे. आणि हे तर राणीच्या माहेरचे पाहुणे! येणारा-जाणारा हौदात चिमूटभर कोळंबीचा चुरा टाकी, राजा तर चांगला मूठभर. कडेला हिरवं शेवाळ धरलं, की सेवक ते घासून काढत. पाणी आटलं, की वरून घागरभर गोडं पाणी ओतत. जुनं पाणी मात्र कोणी कधी काढलं नाही. कशाला काढायचं? तळाचा खडान्खडा तर स्वच्छ दिसत होता.

तरी मासे मलूल झाले. त्यांचा रंग उडाला. एकेक करत सगळे गेले आणि शेवटी एकच उरला.

"हाही गेला, तर मी इथे कोणाकडे बघून दिवस काढू?" राणी म्हणाली.

राजाने हौदात आणखी एक मूठ टाकली आणि नवे मासे आणायला तो स्वतः डोंगर उतरला.

ओहोटी लागली होती. खडकांमध्ये त्याला पाण्याचं एक डबकं दिसलं, त्याच्या हौदाएवढंच. तो वाकला आणि पाहतच राहिला. निळे मासे, काचेसारखे झिंगे, फुलासारखे उमलणारे जीव, आणि कडेने शेवाळाची दाट झूल. एवढ्याशा पाण्यात एवढं जगणं! राजाने नकळत डोक्यावरचा मुकुट उतरवून हातात घेतला.

"इथली देखभाल कोण करतं?" त्याने विचारलं.

कपारीतून एक म्हातारा खेकडा तिरका तिरका बाहेर आला. "आमचे आम्हीच की!"

"आणि खायला कोण घालतं?"

"कोणी नाही. मिळतं तेवढं पुरतं. राजा, उरलेल्या अन्नाचं पाण्यात विष होतं. ते डोळ्यांना दिसत नाही, पाणी आपलं नितळच राहतं. त्यातलं थोडं हे शेवाळ शोषून घेतं."

राजाला हौदाचे घासलेले दगड आठवले. त्याची मान खाली गेली. "आणि बाकीचं?"

"थांब जरा. बघ."

राजा थांबला. दूरवर पाणी हललं. मग सगळा समुद्रच जणू उठून हळूहळू चालत आला, डबक्याच्या कडेवरून आत शिरला, जुनं पाणी घेऊन गेला, नवं ठेवून गेला. एवढा अफाट समुद्र, पण एवढ्याशा डबक्याला विसरला नव्हता. रोज येत होता. राजाच्या अंगावर काटा उभा राहिला. पाणी गुडघ्यांपर्यंत चढलं, तरी त्याला भान नव्हतं.

"हौद एकदम उपसू नकोस हं," खेकडा लाटेतून ओरडला. "माशाला सोसायचं नाही. थोडं थोडं बदल."

राजा मासे न घेताच परतला. त्याच्या खांद्यावर समुद्राच्या पाण्याची घागर होती.

"राणी," तो म्हणाला, "तुमचे मासे माझ्या मायेने मेले."

त्या दिवसापासून तो रोज घागरभर जुनं पाणी काढी आणि घागरभर समुद्राचं पाणी घाली. शेवाळाला कोणी हात लावला नाही. चुरा चिमटीपुरता, तोही एकाच माणसाने घालायचा. सगळ्यांत कठीण गेलं ते राजाला स्वतःची मूठ आवरणं. मासा तळाशी पडून असे आणि राजाचा हात शिवशिवे.

मग एका सकाळी मासा वर आला. शेवाळ कुरतडू लागला. त्याच्या पाठीवर पुन्हा निळी झाक चढली होती. राजा घागर ओतू लागला, तसा तो त्या धारेखाली गिरक्या घेऊ लागला.

राणीने डोळे पुसले आणि लहान मुलीसारखी टाळी वाजवली. "अहो, भरती आली!"

ज्याला जगवायचं, त्याला किती घातलं एवढंच पाहू नये. त्याच्याभोवती काय साचलं, तेही पाहावं.