कोंबडीच्या रश्श्यातली कोळंबी

ही फार जुन्या काळची गोष्ट आहे. कातालोनिया नावाच्या मुलखात डोंगर समुद्राच्या अगदी जवळ येऊन थांबतात. तिथल्या एका डोंगरगावात रेमेई नावाची विधवा राहायची. तिच्या हातचा कोंबडीचा रस्सा पंचक्रोशीत नावाजलेला होता. कांदा ती मंद आचेवर पार तांबूस होईपर्यंत परतायची. भाजलेले बदाम, लसूण आणि तळलेला पाव खलबत्त्यात कुटायची आणि ते वाटण शेवटी रश्श्याला लावायची.

तिचा मुलगा बर्नात याने किनाऱ्यावरच्या कोळ्यांची मुलगी बायको करून आणली. तिचं नाव अग्नेस. सून गुणाची होती. एके दिवशी तिने माहेरून आणलेली सुकी मासळी चुलीवर ठेवली. रेमेईने भांडं उचलून थेट अंगणात नेऊन ठेवलं आणि बजावलं, की या घरात मासळी शिजत नाही. अग्नेसने भांडं घासून जागेवर ठेवलं.

पुढे तिला दिवस गेले आणि तिचं जेवण तुटलं. रेमेई रोज काहीतरी चांगलंचुंगलं करायची, पण सून दोन घास खाऊन ताट बाजूला सारायची. तिच्या चेहऱ्यावरची रया गेली. शेवटी बर्नात म्हणाला, की हिला माहेरी पोचवतो, तिथे तरी जगेल.

ते शब्द रेमेईच्या मनाला लागले. सकाळ होताच ती काठी टेकत एकटीच डोंगर उतरली. तिने जन्मात समुद्रकाठी पाऊल ठेवलं नव्हतं.

अग्नेसची आई कोलोमा दारात जाळं सांधत बसली होती. रेमेईला वाटलं, आता विहीणबाईंचे चार शब्द ऐकावे लागणार. पण कोलोमाने तिला बसायला दिलं, पाणी दिलं आणि एवढंच विचारलं, "पोरगी जेवते ना नीट?"

रेमेईला खोटं बोलवेना. "नाही जेवत," ती म्हणाली. "माझ्यामुळेच. तुम्ही तिला काय करून घालायचात, ते मला शिकवा."

कोलोमाने चूल पेटवली. मासळीचा रस्सा रटरटू लागला, तसा तिने खलबत्ता पुढे ओढला. त्यात बदाम घातले, लसूण घातला, तळलेला पाव घातला. रेमेई बघतच राहिली. वाटण तिच्या घरचंच होतं.

थंडीचे दिवस होते, म्हणून कोलोमाने ओल्या शेवाळात गुंडाळून थोडी ताजी कोळंबी बरोबर दिली. घरी पोचल्यावर रेमेईच्या लक्षात आलं, की एवढ्याने सगळ्यांचं भागायचं नाही. मग तिने ती कोंबडीच्याच रश्श्यात सोडली.

अग्नेसने पहिला घास घेतला आणि ती थांबली. तिचे डोळे भरून आले. "आई, तुम्ही आमच्या घरी गेला होतात?"

"गेले होते, पोरी. चुकलंच माझं," रेमेई म्हणाली. "बाळ झालं की आपण दोघी जाऊ."

अग्नेसने ताट पुढे केलं आणि अजून थोडा रस्सा मागितला.

मग तिला माहेरी पोचवावं लागलं नाही. वसंतात तिला मुलगी झाली. कोलोमा मासळीची टोपली घेऊन डोंगर चढून आली आणि दोघी आज्यांनी एकाच चुलीवर बारशाचा स्वयंपाक केला.

घरात आलेल्या माणसाला आपलंसं करायचं, तर त्याच्या माहेरच्या चवीलाही आपल्या चुलीवर जागा द्यावी.